बारावीनंतर पदवीला प्रवेश: दाखल्यांपासून पहिल्या सत्रापर्यंत

महाराष्ट्रात पदवीला प्रवेश घेताना मुलं गुणांमुळे जितकी अडकतात, तितकीच कागदांमुळे आणि तारखांमुळे अडकतात. चांगले पर्सेंटाइल असूनही नॉन-क्रिमिलेअरची (कुटुंब मागास प्रवर्गातल्या सधन गटात नसल्याच्या प्रमाणपत्राची) मुदत संपलेली असते, जात पडताळणी झालेली नसते, नाहीतर पहिल्या फेरीत भलताच पर्याय पक्का होऊन बसतो. घरात याआधी कुणी कॉलेजला गेलं नसेल तर हे सांगायलाही कुणी नसतं. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. शक्य असेल तर तो अकरावीतच वाचा आणि क्रमांक २ मधली दाखल्यांची कामं तेव्हाच सुरू करा.

१. आधी वाट ठरवा, कारण प्रत्येक वाटेची नोंदणी वेगळी

बीए, बीकॉम आणि साध्या बीएस्सीला बहुतेक महाविद्यालयांत बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. अर्ज थेट महाविद्यालयाकडे करायचा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांसाठी मात्र आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीची प्रत महाविद्यालयाच्या अर्जाला जोडावी लागते. अनेकजण पहिली पायरी करून थांबतात. विद्यापीठात नोंदणी झाली म्हणजे महाविद्यालयात अर्ज झाला असं होत नाही.

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, पाच वर्षांचा विधी, नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट हे अभ्यासक्रम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या बीएस्सी कृषीचे प्रवेशही तिथूनच होतात. २०२४ पासून बीबीए, बीसीए आणि बीएमएसचाही यात समावेश झाला. हे ठाऊक नसल्यामुळे कॉमर्सची मुलं निकालानंतर बीसीएची चौकशी करायला जातात आणि सीईटी होऊन गेलेली असते. मिळतंजुळतं नाव असलेला बीकॉम किंवा बीएस्सी अभ्यासक्रम सीईटीशिवाय मिळू शकतो, पण पदवीवर कोणतं नाव छापलं जाणार हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषीसाठीच्या एमएचटी-सीईटीबद्दल थोडं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीत घेता येतात, गणिताचे फक्त इंग्रजीतच येतात. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, बाकीचे बारावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. इंजिनिअरिंगसाठी बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. सीईटीत कितीही पर्सेंटाइल आलं तरी ही अट सुटत नाही.

केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. ही परीक्षा २०२२ पासून होते आणि तिच्या तेरा भाषांत मराठी आहे. पण परीक्षेचं माध्यम मराठी निवडलं म्हणून तिथे मराठीत शिकवतील अशी समजूत करून घेऊ नका.

दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा केलेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तिथे सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या गुणांवर यादी लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेले विद्यार्थी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतात, म्हणजे आयटीआयपासून बीईपर्यंत सलग रस्ता आहे. ज्या मुलांना लवकर हाताला काम हवं, त्यांच्यासाठी हा रस्ता फार चांगला आहे. तो कमी लोकांना माहीत असतो याचं वाईट वाटतं.

२. दाखले: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

बहुतेक दाखल्यांचे अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा गावातल्या महा ई-सेवा केंद्रातून होतात. जून-जुलैमध्ये तहसील कार्यालयात गर्दी असते आणि सर्व्हर रखडतो. बारावीच्या परीक्षेआधीच्या दिवाळीत अर्ज केलेला बरा. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे प्रत्येक दाखल्याला मुदत ठरलेली आहे. ती उलटली तर पोर्टलवरूनच प्रथम अपील करता येतं, त्यासाठी अर्जाची पावती जपून ठेवा.

सगळ्यांना लागणारे कागद:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका, सीईटीचं गुणपत्रक
- शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
- आधार कार्ड आणि आधार जोडलेलं बँक खातं
- चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रतिज्ञापत्र
- राज्य मंडळाऐवजी सीबीएसई वा इतर मंडळातून बारावी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र
- मूळ कागदांखेरीज झेरॉक्सचे किमान तीन संच आणि फोटो

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर राष्ट्रीयत्वापुढे 'भारतीय' लिहिलेलं आहे का ते पाहा. तो रकाना कोरा असला तर दाखला राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून चालत नाही आणि छाननीत अर्ज परत येतो.

*जातीचा दाखला आणि जात वैधता.* जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत देतात. वैधता जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातीसाठी वेगळी तपासणी समिती आहे. हे दोन स्वतंत्र कागद आहेत आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी दोन्ही लागतात. वैधतेचा विद्यार्थ्यासाठीचा अर्ज नमुना १६ मध्ये असतो आणि त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र व शिक्का लागतो. म्हणूनच हे काम अकरावीत करायचं. बारावी संपल्यावर ते पत्र मिळवायला पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात.

प्रकरणं बहुतेकदा पुराव्यावर अडतात. कुटुंब ठरावीक तारखेआधीपासून महाराष्ट्रात आणि त्या जातीचं होतं, हे दाखवावं लागतं. त्या तारखा अशा: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४, कोतवाल बुकाची नक्कल (दोन्हींत गावातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात), जुनं खरेदीखत यांतलं जे मिळेल ते काढा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांचे भाऊ, चुलत आजोबा यांच्या नोंदी शोधा. वडिलांची, सख्ख्या काकांची किंवा आत्याची वैधता आधी झालेली असेल तर काम खूप सोपं होतं. वंशावळीत ते नातं स्पष्ट दाखवा. आईकडचे पुरावे सर्वसाधारणपणे चालत नाहीत.

कुटुंब कामासाठी शहरात आलेलं असेल तर अर्ज मूळ गावाच्या जिल्ह्यात करायचा. तुमचा जन्म पिंपरीत झाला, पण १९६७ साली आजोबा बीड जिल्ह्यात राहत होते, तर दाखला आणि वैधता दोन्ही बीडकडून येणार. शहरात अर्ज करून तो सहा महिन्यांनी परत आला की प्रवेशाचं वर्ष जातं.

वैधतेच्या अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश द्यावा, असे आदेश काही वर्षी निघतात. त्यावर विसंबू नका. मुदतीत वैधता आली नाही तर प्रवेश खुल्या प्रवर्गात धरला जातो किंवा रद्द होतो, आणि फीचा फरक एकदम अंगावर येतो.

*नॉन-क्रिमिलेअर.* अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकी सगळ्या राखीव प्रवर्गांना हे प्रमाणपत्र लागतं. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असलं पाहिजे. २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७. मागच्या वर्षी कॉलेजसाठी काढलेला कागद तसाच जोडणं ही छाननीत सर्रास सापडणारी चूक आहे. मर्यादा ८ लाख रुपयांची आहे, पण ती मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. वडील शिपाई किंवा क्लार्क असून पगार जास्त दिसतो म्हणून अर्जच न करणारी कुटुंबं आपला हक्क सोडून देतात. पालक वर्ग एक वा दोनचे अधिकारी असतील तर नियम वेगळे लागू होतात. अर्जासोबत तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, एका वर्षाचा चालत नाही.

*ईडब्ल्यूएस.* कोणत्याही सामाजिक आरक्षणात न येणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी. राज्याच्या प्रवेशाला राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र, जोसा (आयआयटी, एनआयटीचे प्रवेश) किंवा सीयूईटीला केंद्राच्या नमुन्यातलं. ओबीसीचंही तसंच. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही नमुने काढून ठेवा. राज्याच्या ओबीसी यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत नसते, तेही आधी तपासा.

*सीमाभागातले विद्यार्थी.* बेळगाव, निपाणी, बिदर, भालकी अशा वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी केलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी सीईटी सेलच्या पात्रता प्रकारांत 'ई' हा प्रकार आहे. तिथले पालक बऱ्याचदा मुलांना 'महाराष्ट्राबाहेरचा' म्हणून नोंदवतात आणि मिळणारी जागा गमावतात. गाव वादग्रस्त भागात असल्याचं आणि मातृभाषा मराठी असल्याचं प्रमाणपत्र विहित नमुन्यात लागतं.

३. नाव सगळीकडे एकच हवं

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव फक्त आद्याक्षरात. पुढे अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक), शिष्यवृत्ती आणि पदवी प्रमाणपत्र या तिन्ही ठिकाणी ही विसंगती त्रास देते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण माना आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करा. आईचं नावही तपासा, त्यात चुका फार असतात.

४. ऑनलाइन नोंदणी आणि छाननी

सीईटीची नोंदणी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची नोंदणी वेगवेगळी आहे. सीईटीचा निकाल लागल्यावर कॅपसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. ई-छाननी निवडली तर घरून कागद चढवता येतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो परत येतात, म्हणून स्कॅन करून घ्या. इंटरनेटची खात्री नसेल तर सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जा. ती सेवा तिथे मिळते आणि कर्मचारी अनुभवी असतात.

नोंदणीला स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ईमेल द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात असताना तुमची मुदत संपते.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की आपलं नाव, प्रवर्ग, पात्रता प्रकार, गुण, अल्पसंख्याक दर्जा एकेक करून तपासा. तक्रार नोंदवण्याची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते. अंतिम यादीनंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही.

५. पसंतीक्रम भरणं

आधी मागच्या वर्षीची कटऑफ यादी वाचायला शिका. जागांच्या कोडची सुरुवात जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी. मधली अक्षरं प्रवर्ग सांगतात. शेवटी एच म्हणजे त्या विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातल्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तरीय. तुमचं विद्यापीठ क्षेत्र बारावी कुठून केली त्यावर ठरतं, घर कुठे आहे त्यावर नाही. नांदेडच्या मुलाने लातूरमधून बारावी केली तर दोन्ही एकाच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. त्याने पुण्यातून केली तर चित्र बदलतं. आपल्याला लागू न होणारा कटऑफ बघून आनंदणारे किंवा खचणारे पुष्कळ भेटतात.

यादी लिहिताना क्रम आवडीचा ठेवा, मिळण्याच्या शक्यतेचा नको. वरचा अवघड पर्याय लिहिल्यामुळे खालचा हातचा जात नाही. प्रणाली वरून खाली येत तुमच्या गुणांना जो पहिला बसेल तो देते. 'मिळणार नाही' म्हणून आवडती शाखा न लिहिणं यात नुकसान तुमचंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का होतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एक मिळाला तर, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एक मिळाला तर. पक्का झालेला पर्याय स्वीकारला नाही तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर फक्त तेच लिहा जे मिळालं तर तुम्ही खरंच जाल. नुसतं बघू म्हणून काही लिहू नका. प्रत्येक वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हे आकडे पडताळा, ते बदलतात.

ट्यूशन फी माफीच्या जागांना स्वतंत्र कोड असतो. त्या मंजूर जागांच्या पाच टक्के आणि त्यावर जादा असतात, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. विकास शुल्क आणि इतर शुल्क तरीही भरावं लागतं, आणि एकदा ही जागा घेतली की पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही. कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो, म्हणून यादीत दोन्ही कोड लिहा.

अर्ज भरून 'कन्फर्म' केला नाही तर तो धरलाच जात नाही. प्रिंट किंवा पीडीएफ हातात आल्याशिवाय उठू नका.

६. जागा मिळाल्यावर

दोन गोष्टी करायच्या असतात: ऑनलाइन जागा स्वीकारून स्वीकृती शुल्क भरणं, आणि महाविद्यालयात जाऊन प्रवेश पक्का करणं. पहिली केली आणि दुसरी राहिली तर जागा जाते.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर असते. तो आकडा पाहूनच फी भरायला जा. त्याहून जास्त मागितलं तर पावती मागा. १९८७ च्या कायद्याने देणगी घेण्यावर महाराष्ट्रात बंदी आहे. 'जागा करून देतो' म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका. संस्थास्तरीय, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरतं त्या जागांसाठीसुद्धा गुणवत्ता यादी लावावी लागते.

मूळ कागद तपासून परत घ्या. प्रवेश रद्द करायची वेळ आली तर अडवून ठेवलेली मूळ गुणपत्रिका हेच मोठं संकट ठरतं, म्हणून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये महाविद्यालयांना मूळ कागद ठेवून घ्यायला मनाई केली आहे.

७. शिष्यवृत्ती आणि राहण्याची सोय

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. प्रवर्गानुसार योजना वेगळ्या. खुल्या आणि आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. यांतल्या बहुतेक सवलती कॅपमधून घेतलेल्या जागेलाच मिळतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की त्या जातात, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधार बँक खात्यावर नुसतं नोंदवलेलं असतं, एनपीसीआयला (थेट जमा होणारे पैसे कोणत्या खात्यात जायचे ते ठरवणारी राष्ट्रीय यंत्रणा) जोडलेलं नसतं. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग डीबीटीसाठी करा' असंच सांगा. घरातल्या दुसऱ्या योजनेसाठी नवं खातं उघडलं तर जोडणी तिकडे सरकते, हेही लक्षात ठेवा. महाविद्यालयाच्या लिपिकाने अर्ज पुढे पाठवला का, हे दर पंधरा दिवसांनी बघा.

वसतिगृहासाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाचे अर्ज वेगळे. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार आणि अनुसूचित जमातीसाठी स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेचे निकषही वाचा.

८. पहिलं सत्र

डिजिलॉकरमधून एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) किंवा अपार आयडी तयार करून महाविद्यालयाला द्या, त्याशिवाय क्रेडिट, म्हणजे विषयांचे श्रेयांक जमा होत नाहीत. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू आहे. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. मुख्य विषयासोबत मायनर, म्हणजे दुय्यम विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय घ्यावा लागतो. खुला विषय 'सोपा' म्हणून घेण्याआधी त्याचा तास तुमच्या प्रात्यक्षिकाशी आदळत नाही ना ते वेळापत्रकात पाहा.

इतर मंडळांतून आलेल्यांनी पात्रता विभागात स्थलांतर प्रमाणपत्र जमा झालं का, हे स्वतः विचारा. पात्रता अपुरी राहिली तर निकाल राखून ठेवतात, आणि ते कळतं थेट पहिल्या सत्राच्या निकालाला.

सूचनांवर लक्ष ठेवणं ही सवय पहिल्याच आठवड्यात लावा. वर्गाचा व्हॉट्सअॅप गट उपयोगी असतो, पण तिथली तारीख अधिकृत धरू नका. विभागाचा सूचना फलक, विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचं परिपत्रक आणि विद्यार्थी विकास मंडळाचं पान आठवड्यातून एकदा पाहा. परीक्षा अर्जाची तारीख चुकली तर विलंब शुल्क, तेही चुकलं तर अतिविलंब शुल्क.

याच फलकावर कमवा व शिका योजनेची सूचना लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी अनेकांचा मेसचा खर्च भागवते. नावनोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते. एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिरही तिथेच जाहीर होतं. नाटक, गाणं, वक्तृत्व येत असेल तर युवक महोत्सवाच्या निवडीला जा. विद्यापीठाच्या संघातून पुढे इंद्रधनुष्य या राज्यस्तरीय महोत्सवापर्यंत जाता येतं. संशोधनासाठी आविष्कार आहे, खेळासाठी अश्वमेध. खेड्यातून आलेली मुलं 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून मागे राहतात. तसं करू नका, निवडीला कुणी इंग्रजी बोलता येतं का विचारत नाही.

रॅगिंग झालं किंवा होताना दिसलं तर यूजीसीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ चोवीस तास सुरू असतो आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवता येतं. जातीवरून कुणी बोललं तर समान संधी कक्षाकडे लेखी तक्रार द्या, तोंडी नको. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.

पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर एटीकेटीचे (विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याचे) नियम आपल्या विद्यापीठाच्या अध्यादेशात वाचा, वरच्या वर्गातल्यांच्या आठवणीवर जाऊ नका. गुण अनपेक्षित कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती विषयाच्या प्राध्यापकांना दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. छायाप्रतीची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, गुणपत्रिका हातात पडते त्या दिवसापासून नाही.